जर्मनीत मुलांची शाळा: मराठी पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोकरीचं पत्र आलं, व्हिसाची तारीख मिळाली, की घरात पुढचा विषय निघतो तो मुलांच्या शाळेचा. खालचे प्रश्न मंडळाच्या कार्यक्रमांत, खेळाच्या मैदानाच्या कडेला आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पुन्हा पुन्हा येतात. नियम राज्यागणिक बदलतात, त्यामुळे अर्ज भरण्याआधी आपल्या राज्याच्या शिक्षण मंत्रालयाची माहिती एकदा स्वतः वाचाच.

जर्मनीत बोर्ड कोणतं असतं?

आपल्यासारखं बोर्ड नाही. शिक्षण हा सोळा राज्यांच्या अखत्यारीतला विषय आहे. अभ्यासक्रम, सुट्ट्या, प्रवेशाचे निकष, एवढंच काय शाळांची नावंही राज्यागणिक वेगळी. सगळ्या राज्यांचे शिक्षणमंत्री १९४८ पासून एका कायमच्या परिषदेत एकत्र बसतात आणि निदान परीक्षांना परस्पर मान्यता राहील एवढं बघतात. म्हणून हॅम्बुर्गला राहणाऱ्या मावसबहिणीचा सल्ला म्युनिकमध्ये लागू पडेलच असं नाही. कुणी काहीही छातीठोकपणे सांगायला लागलं, की आधी विचारा: कुठल्या राज्यातलं सांगताय?

शाळा कितव्या वर्षी सुरू होते? त्याआधी काय?

सहा वर्षं पूर्ण झाली की पहिली. वयाची शेवटची तारीख राज्यानुसार ३० जून ते ३० सप्टेंबर या दरम्यान असते. बव्हेरियात जुलै ते सप्टेंबरमध्ये जन्मलेल्या मुलांच्या पालकांना एक वर्ष थांबायची मुभा आहे. पुण्यात साडेतीन वर्षांच्या मुलाकडून एबीसीडी गिरवून घेतलेल्या पालकांना हे फार उशिराचं वाटतं. इथे मात्र त्याआधीची वर्षं किटात, म्हणजे पाळणाघर-बालवाडीत जातात, आणि किटात मुलं चिखलात खेळतात, कात्रीने कागद कापतात, जंगलात फिरायला जातात. अक्षरं शिकवत नाहीत म्हणून तक्रार करू नका, कुणाला ती कळणारही नाही.

पहिल्या वाढदिवसापासून किटात जागा मिळणं हा ऑगस्ट २०१३ पासून मुलाचा कायदेशीर हक्क आहे. हक्क असला तरी प्रतीक्षायादी असतेच; पत्ता पक्का झाला की त्याच आठवड्यात नाव घाला. बर्लिनमध्ये किटाला फी नाही, जेवणाचे थोडे पैसे द्यावे लागतात. इतरत्र बऱ्याच ठिकाणी पालकांच्या उत्पन्नावर किंवा तासांवर फी ठरते.

मुलाला घरीच शिकवलं किंवा भारतातल्या ऑनलाइन शाळेत घातलं तर चालेल का?

नाही. इथे मुलाने प्रत्यक्ष शाळेत जाणं कायद्याने सक्तीचं आहे. नऊ किंवा दहा वर्षं पूर्ण वेळ शाळा आणि त्यानंतर साधारण अठरापर्यंत कुठल्या ना कुठल्या शिक्षणात असणं बंधनकारक. दोन वर्षांसाठीच आलोय, हे कारण चालत नाही.

शाळा आपण निवडायची की सरकार देतं? फी किती?

सरकारी शाळेला फी नाही, आणि बहुसंख्य जर्मन मुलं सरकारी शाळेतच जातात. डॉक्टरची मुलगी आणि बसचालकाचा मुलगा एका बाकावर, निदान पहिली चार वर्षं. ग्रुंडशुले, म्हणजे प्राथमिक शाळा, बहुतेक राज्यांत घराच्या पत्त्यावरून ठरते. नॉर्डऱ्हाइन-वेस्टफालेनमध्ये पालकांना निवडीला बराच वाव आहे. पत्त्यावरून ठरत असेल, तर घर बघतानाच ते कुठल्या शाळेच्या हद्दीत येतं हे विचारून घ्या. अनेक शहरांच्या संकेतस्थळावर रस्त्याचं नाव टाकलं की शाळा दिसते.

पुस्तकं काही ठिकाणी शाळा वर्षभरासाठी वापरायला देते, काही ठिकाणी थोडे पैसे भरावे लागतात. सहली, वर्गाची वर्गणी, वह्या हे खर्च आपले.

पहिलीच्या पहिल्या दिवसाची एवढी चर्चा का असते?

कारण तो इथला मोठा सोहळा आहे. आजी-आजोबा गावाहून येतात, मूल स्वतःच्या उंचीच्या निम्म्या आकाराचा रंगीत पुठ्ठ्याचा शंकू मिरवतं. त्याला शुलट्युटे म्हणतात. त्यात खाऊ, रंग, छोटी खेळणी असतात. तो विकतही मिळतो, पण किटात पालकांना बसवून तो बनवून घेण्याची पद्धत आहे, आणि मुलं एकमेकांचे शंकू निरखून बघतात. रिकाम्या हाताने पाठवू नका.

त्याआधी हातात पडते ती सामानाची यादी. तिच्यात गंमत नाही. वह्यांच्या ओळींना क्रमांक असतात: पहिलीची वही वेगळ्या ओळींची, दुसरीची वेगळी. प्रत्येक विषयाच्या वहीला ठरलेल्या रंगाचं कव्हर, जर्मनला लाल तर गणिताला निळं, असं. जाड त्रिकोणी पेन्सिली, शक्यतो सुचवलेल्या कंपनीच्याच. वर्गात घालायच्या सपाता. जिमच्या कपड्यांची पिशवी. दप्तर कडक पाठीचं असतं आणि त्याची किंमत सहज दोनशे युरोच्या पुढे जाते. चार वर्षं टिकतं, आणि सेकंडहँड बाजारात चांगलं मिळतं. यादी बदलून आपल्या मनाने काही आणू नका, बाईंची चिठ्ठी येते.

पहिल्या दोन वर्षांत बहुतेक ठिकाणी गुण नसतात, लेखी शेरे असतात. तिसरी-चौथीच्या सुमारास पोहणं शिकवतात आणि चौथीत सायकलची परीक्षा होते, तीही पोलिसांच्या देखरेखीखाली. मुलाला पोहता येत नसेल तर आधीच क्लासला घाला, तिथेही प्रतीक्षायादी असते.

शाळा साडेअकरा-बाराला सुटते असं ऐकलं. दोघंही नोकरी करत असलो तर?

खरं आहे. त्यासाठी होर्ट किंवा शाळेतलीच दुपारची सोय असते. जेवण, गृहपाठ, खेळ. आत्तापर्यंत तिथे जागा मिळणं नशिबावर होतं. ऑगस्ट २०२६ पासून पहिलीत जाणाऱ्या मुलांना दिवसाला आठ तासांच्या सोयीचा हक्क मिळतो, आणि दर वर्षी एक इयत्ता वाढत २०२९-३० पर्यंत चौथीपर्यंतची सगळी मुलं त्यात येतील. कागदावरचा हक्क आणि शाळेतली प्रत्यक्ष जागा यांत अंतर असू शकतं, तेव्हा शाळेच्या नोंदणीबरोबरच दुपारचा अर्जही द्या. तो बहुतेक वेळा वेगळा असतो आणि नेमका तोच विसरला जातो.

मुलाला जर्मन अजिबात येत नाही. वर्ष वाया जाईल का?

वयावर अवलंबून आहे. पहिली-दुसरीतलं मूल वर्षभरात मैदानावर भांडण्याइतकं जर्मन शिकतं. पाचवी-सहावीच्या पुढे आलेल्यांसाठी खास वर्ग असतात. बर्लिनमध्ये त्यांना विलकॉमेन्सक्लासे म्हणतात, बव्हेरियात डॉइचक्लासे, बाडेन-वुर्टेम्बर्गमध्ये फोरबेराइटुंग्सक्लासे. साधारण वर्ष-दोन वर्षं तिथे भाषा, मग नेहमीच्या वर्गात. गणित आणि खेळाच्या तासांना पुष्कळदा आधीपासूनच नेहमीच्या वर्गात बसवतात.

एक वर्ष खालच्या इयत्तेत बसवायचं शाळेने सुचवलं तर लगेच नाही म्हणू नका. इथे वर्गात एखाद-दुसरं मूल वर्षाने मोठं असणं सामान्य आहे. ज्या मुलाला भाषा कळत नाही त्याला इतिहासाच्या तासाला गप्प बसवून ठेवण्यापेक्षा ते बरं. निघण्याआधी वेळ असेल तर पुण्या-मुंबईत मॅक्स म्युलर भवनात किंवा शाळेतच जर्मनचे धडे सुरू करा. थोडी तोंडओळख झालेलं मूल पहिल्या दिवशी कमी बिचकतं.

चौथीनंतर मुलांची वाटणी होते म्हणतात, ते नेमकं काय?

बहुतेक राज्यांत ग्रुंडशुले चौथीपर्यंत, बर्लिन आणि ब्रांडेनबुर्गमध्ये सहावीपर्यंत. त्यानंतर वाटा फुटतात. जुन्या पद्धतीत तीन: नववी-दहावीनंतर हस्तकौशल्याच्या व्यवसायांकडे नेणारी हाउप्टशुले, दहावीला मधल्या दर्जाचं प्रमाणपत्र देणारी रिआलशुले, आणि थेट विद्यापीठाच्या दारापर्यंत नेणारं गिम्नाझियम. चौथी वाट गेझाम्टशुलेची, जिथे सगळी मुलं एकत्र शिकतात आणि निर्णय पुढे ढकलला जातो.

आता नावांचा घोळ. हाउप्टशुले हे नाव अनेक राज्यांनी सोडून दिलं. बव्हेरियात तिला मिटेलशुले म्हणतात. हॅम्बुर्गमध्ये गिम्नाझियम आणि श्टाटटाइलशुले अशा दोनच वाटा आहेत आणि दुसरीतूनही आबिटूर, म्हणजे विद्यापीठ प्रवेशाची परीक्षा, देता येते. बर्लिनने २०१० मध्ये तसंच केलं. सॅक्सनीत ओबरशुले आहे, ऱ्हाइनलांड-फाल्झमध्ये रिआलशुले प्लुस. तेव्हा शाळेचं नाव ऐकून निष्कर्ष काढू नका. एकच विचारा, या शाळेत बारावी-तेरावीपर्यंतचे वर्ग आहेत का, आणि नसतील तर इथली मुलं पुढे कुठे जातात?

शिक्षकांची शिफारस बंधनकारक असते का?

इथे राज्याराज्यांतला फरक सगळ्यात जास्त टोचतो. नॉर्डऱ्हाइन-वेस्टफालेनमध्ये शिफारस हा सल्ला आहे, शेवटचा शब्द पालकांचा. बव्हेरियात आकडा बोलतो. चौथीच्या वर्षात मे महिन्याच्या सुरुवातीला एक प्रमाणपत्र मिळतं, त्यात जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास या तीन विषयांच्या श्रेणींची सरासरी असते. इथे १ ही सर्वोत्तम श्रेणी. २, २, ३ आल्या तर सरासरी २.३३, म्हणजे गिम्नाझियमला पात्र. २, ३, ३ आल्या तर २.६६, म्हणजे रिआलशुले. एका विषयातली एक श्रेणी, आणि मूल दहा वर्षांचं. जमलं नाही तर गिम्नाझियममध्ये तीन दिवसांचे चाचणीवर्ग देऊन पुन्हा प्रयत्न करता येतो. बाडेन-वुर्टेम्बर्गनेही अलीकडे नियम कडक केले आहेत: शिक्षकांची शिफारस, चौथीतली चाचणी आणि पालकांची इच्छा या तिघांपैकी दोन गोष्टी गिम्नाझियमच्या बाजूने हव्यात, नाहीतर वेगळी परीक्षा.

माझं स्पष्ट मत: बव्हेरियात चौथीचं वर्ष मुलांना उगाच पिळतं, आणि आपले पालक तिसरीपासूनच शिकवण्या लावून ते आणखी पिळतात.

गिम्नाझियम मिळालं नाही तर मुलाचं भवितव्य संपलं का?

हा प्रश्न खरं तर सगळ्यात जास्त वेळा येतो, आणि कुजबुजत येतो. मंडळात सगळ्यांची मुलं गिम्नाझियमला आणि आपलं रिआलशुलेला, की घरात सुतक असल्यासारखं वातावरण. त्याची काही गरज नाही.

बव्हेरियातलंच उदाहरण घेऊ. मुलगी रिआलशुलेत दहावी झाली. जर्मन, गणित आणि इंग्रजीत सरासरी ३.५ किंवा त्याहून चांगली असेल, तर ती फाखओबरशुले या शाळेत अकरावीला जाते. तंत्रज्ञान, अर्थव्यवहार, समाजसेवा, आरोग्य, कला अशा शाखा असतात. अकरावीचं निम्मं वर्ष कार्यशाळेत, दवाखान्यात किंवा कार्यालयात प्रत्यक्ष काम. बारावीनंतर उपयोजित शास्त्रांच्या विद्यापीठात प्रवेश मिळतो, जिथून इथले असंख्य अभियंते बाहेर पडतात. तेरावी केली आणि दुसरी परकीय भाषा असली तर कुठल्याही विद्यापीठात कुठलाही विषय. म्हणजे गिम्नाझियमच्या मुलाने तिथल्या नऊ वर्षांनंतर जे गाठलं तेच, तेवढ्याच वर्षांत.

मिटेलशुलेतूनही दहावीचं मधल्या दर्जाचं प्रमाणपत्र मिळतं. उलटी वाहतूकही चालते: गिम्नाझियममध्ये घातलेली कितीतरी मुलं सहावी-सातवीत लॅटिन आणि गणिताला कंटाळून रिआलशुलेत येतात. सरकारी परिभाषेत याला पारगम्यता म्हणतात. वरून खाली येणं सोपं आणि खालून वर जाणं कष्टाचं, हे मात्र खरं. दहावीनंतरचं वळण सगळ्यात सोयीचं, म्हणून धडपड करायचीच तर त्या वेळी करा.

गुण कसे देतात? मुलाचे पेपर चांगले जातात, तरी श्रेणी खाली का?

१ ते ६; १ उत्तम, ४ म्हणजे काठावर पास, ५ आणि ६ नापास. दोन-तीन विषयांत ५ आली तर वर्ष पुन्हा करावं लागू शकतं.

आणि पेपर चांगले जाऊनही श्रेणी घसरण्याचं कारण बहुतेक वेळा तोंडी सहभाग. वर्गात हात वर करणं, प्रश्न विचारणं, दुसऱ्याच्या मुद्द्याला उत्तर देणं याला अनेक राज्यांत श्रेणीच्या निम्म्याच्या आसपास वजन असतं. बाईंसमोर गप्प बसणारं मूल आपल्याकडे गुणी ठरतं, इथे त्याच मुलाच्या प्रगतिपुस्तकावर ३ येते. चुकलं तरी बोल, असं मुलाला घरी सांगावं लागतं, आणि पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. पालकभेटीच्या दिवशी शिक्षकांना थेट विचारा: तोंडी किती, लेखी किती?

आउसबिल्डुंग म्हणजे आपलं आयटीआय का?

काही अंशी. फरक असा की इथे आधी कंपनीशी करार होतो. तरुण आठवड्यातले तीन-चार दिवस कामावर आणि एक-दोन दिवस बेरूफ्सशुलेत असतो, आणि पहिल्या महिन्यापासून पगार घेतो. २०२० पासून त्याची किमान रक्कमही कायद्याने ठरते. दोन ते साडेतीन वर्षांनी उद्योग किंवा हस्तव्यवसाय मंडळाची परीक्षा. मान्य व्यवसाय तीनशेहून अधिक आहेत, आणि त्यांत सुतार-गवंड्यांबरोबर बँकेतले कर्मचारी, प्रयोगशाळेतले तंत्रज्ञ आणि सॉफ्टवेअरवालेही येतात. पुढे माइस्टर, म्हणजे त्या व्यवसायातला उस्ताद, झालेल्याची पात्रता राष्ट्रीय चौकटीत पदवीच्या बरोबरीची धरतात आणि त्याला विद्यापीठाचं दारही उघडं असतं.

महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये बाडेन-वुर्टेम्बर्गशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला तो याच कामगारांच्या तुटवड्यापोटी. तरीही इथल्या मराठी घरांत आउसबिल्डुंग हा शब्द निघाला की विषय बदलतो. हीटिंग दुरुस्त करणाऱ्याची वेळ मिळायला किती आठवडे लागतात आणि त्याचं बिल किती येतं, हे अनुभवलेल्यांनी तरी बदलू नये.

आबिटूर म्हणजे काय?

गिम्नाझियमची शेवटची परीक्षा. शेवटच्या दोन वर्षांतली कामगिरी आणि अंतिम परीक्षा मिळून जास्तीत जास्त ९०० गुण; त्यातले ६०० दोन वर्षांचे आणि ३०० परीक्षेचे. पास व्हायला ३०० लागतात, ८२३ पासून पुढे १.० ही सर्वोच्च श्रेणी. दोन तृतीयांश गुण वर्षभराच्या कामाचे असल्यामुळे शेवटच्या तीन महिन्यांत रात्री जागून फारसं हाती लागत नाही.

बारावीला की तेरावीला, हाही राज्याचा प्रश्न. पश्चिमेकडच्या अनेक राज्यांनी एक वर्ष कमी करून पाहिलं, पालकांनी ओरड केली आणि बव्हेरिया, नॉर्डऱ्हाइन-वेस्टफालेन, लोअर सॅक्सनी पुन्हा तेरावर आले. सॅक्सनी आणि थुरिंगिया बारावरच आहेत. राज्य बदलणाऱ्या कुटुंबाने हे आधी तपासावं.

इंटरनॅशनल स्कूल बरं नाही का?

दोन-तीन वर्षांत परत जायचं नक्की असेल आणि कंपनी फी भरत असेल, तर बरं. फी वर्षाला पंधरा-वीस हजार युरोंच्या घरात जाते, त्याहून जास्तही. राहायचं असेल तर मूल शहरात राहूनही शहराबाहेरच राहतं: शेजारची मुलं ओळखीची नसतात, जर्मन कच्चं राहतं. आयबी डिप्लोमाला जर्मन विद्यापीठं मान्यता देतात, पण विषयांच्या निवडीच्या अटी आहेत. त्या अकरावीत विषय घेतानाच बघाव्या लागतात.

मूल दहावी-बारावीच्या वयात आहे. आणावं की भारतातच संपवू द्यावं?

सगळ्यात अवघड परिस्थिती हीच. सोळाव्या वर्षी आलेल्याला भाषा शिकून आबिटूर गाठायला वेळ कमी पडतो, आणि नुसत्या भारतीय बारावीवर इथे थेट पदवीला सहसा प्रवेश मिळत नाही. भारतात पदवीचं एक वर्ष यशस्वीपणे पूर्ण करणं, जेईई अ‍ॅडव्हान्स्ड उत्तीर्ण होणं किंवा इथे स्टुडिएनकोलेगमध्ये तयारीचं वर्ष करून परीक्षा देणं, असे मार्ग असतात. भारतातून अर्ज करणाऱ्यांना नोव्हेंबर २०२२ पासून एपीएस (शैक्षणिक कागदपत्रांच्या तपासणीचं) प्रमाणपत्रही लागतं.

उलट तेरा-चौदाव्या वर्षी आलेलं मूल इथलंच आबिटूर करू शकतं आणि मग हे सगळं टळतं. पैशांचाही फरक पडतो: बाडेन-वुर्टेम्बर्ग युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सत्राला १,५०० युरो घेतं, पण जर्मन आबिटूर असलेल्याला ते भरावे लागत नाहीत. दहावीच्या उंबरठ्यावरच्या मुलाच्या बाबतीत त्याला विचारल्याशिवाय निर्णय घेऊ नका; मित्र सोडून यायचंय ते त्याला.

दिवाळीला, लग्नाला भारतात न्यायला रजा मिळते का?

सहज नाही. तिकीट स्वस्त मिळतं म्हणून सुट्टीच्या दोन दिवस आधी निघणं हे कारण शाळा मानत नाही. २०१८ मध्ये बव्हेरियात मेमिंगनच्या विमानतळावर पोलिसांनी सुट्टीआधीच निघालेल्या शाळकरी मुलांच्या पालकांना अडवलं होतं, आणि त्याची देशभर चर्चा झाली. दंड होऊ शकतो. घरातल्या लग्नाला किंवा मोठ्या सणाला आधी लेखी अर्ज केला तर एखादा दिवस मुख्याध्यापक देतात. बव्हेरियाची उन्हाळी सुट्टी सप्टेंबरच्या मध्यापर्यंत असल्याने काही वर्षी गणपती तिच्यात येतात. दिवाळी शरदातल्या सुट्टीत आली तर आली.

धर्माचा तास सक्तीचा आहे का? आणि डब्याचं काय?

बहुतेक राज्यांत धर्म हा वेळापत्रकातला विषय आहे, कॅथलिक किंवा प्रोटेस्टंट. नको असेल तर नीतिशास्त्राचा तास घेता येतो. नोंदणीच्या अर्जावर तो चौकोन असतो. काही हिंदू घरं मुलांना वर्गमित्रांबरोबर बसता यावं म्हणून धर्माच्या तासाला पाठवतात, त्यालाही शाळेची सहसा हरकत नसते. डब्यात सकाळच्या सुट्टीसाठी ब्रेड, फळं, काकडी-गाजर. पोळीभाजी द्यायला कुणाची ना नाही, मात्र सुट्टी छोटी आणि मूल धावायच्या घाईत. पोळीची गुंडाळी सुटसुटीत. दुपारच्या जेवणात शाकाहारी पर्याय हल्ली बहुतेक ठिकाणी मागता येतो, फक्त अंडं आणि जिलेटिन चालत नसेल तर तसं वेगळं लिहून द्या.

घरी जर्मन बोलायला सुरुवात करावी का?

तुमचं जर्मन मोडकं असेल तर नक्कीच नको. शिक्षकही हेच सांगतात: तुम्हाला जी भाषा नीट येते तीच बोला, गोष्टी सांगा, वाचून दाखवा. जर्मन शाळेत येईल. काही शहरांत शनिवार-रविवारी मराठीचे वर्गही भरतात.

भारतातून निघताना कोणते कागद घ्यावेत?

जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, मागच्या दोन वर्षांची प्रगतिपुस्तकं आणि लसीकरणाचं कार्ड. मूळ प्रती हातातल्या बॅगेत. शाळेने मागितलं तर मराठी कागदांचं भाषांतर इथल्या शपथबद्ध भाषांतरकाराकडून करून घ्यावं लागतं. इंग्रजी दाखले बऱ्याचदा तसेच चालतात, म्हणून जिथे शक्य तिथे दाखला इंग्रजीत मागा. लसीकरणाच्या कार्डावर गोवराच्या दोन्ही मात्रांच्या तारखा आणि डॉक्टरांचा शिक्का आहे का ते बघा. मार्च २०२० पासून किटा आणि शाळेत तो पुरावा सक्तीचा आहे. किटा त्याशिवाय मुलाला घेत नाही, आणि शाळकरी मुलांच्या पालकांना २,५०० युरोंपर्यंत दंड होऊ शकतो. आपल्याकडे गोवराची लस एमआर या नावाने नोंदवलेली असते. निघण्याआधी बालरोगतज्ज्ञाकडून पूर्ण नावानिशी इंग्रजीत एक पत्र लिहून घेतलं, की काउंटरवर समजावत बसावं लागत नाही.